लघु मोहिमेचे संविधानक : ‘पेंड्रॅगन’ आणि मॅलरीचा शपथप्रसंग

सर टॉमस मॅलरीचा ‘ल मॉर्त दार्थर’ हा ग्रंथ विल्यम कॅक्स्टनने १४८५ च्या जुलैअखेर छापून पुरा केला. ग्रेग स्टॅफर्ड यांचा ‘किंग आर्थर पेंड्रॅगन’ हा खेळ अमेरिकेतील केऑसियम या संस्थेने १९८५ साली प्रसिद्ध केला. दोन घटनांमधील पाचशे वर्षांचे अंतर हा केवळ योगायोग मानला, तरी त्यांचे नाते योगायोगाचे नाही. स्टॅफर्ड यांचा खेळ हे मॅलरीवरील एक भाष्यच आहे. फरक एवढाच की, हे भाष्य गद्यात नसून नियमांच्या रूपात आहे आणि ते वाचून संपत नाही. चार-पाच जणांनी एकत्र बसून ते प्रत्येक वेळी नव्याने घडवावे लागते. भाष्य म्हणून त्याची चिकित्सा करण्यास त्यामुळेच वाव आहे. प्रस्तुत लेखात त्या चिकित्सेचा एकच पैलू घेतला आहे : अवघ्या पाच-सहा बैठकींत संपणाऱ्या मोहिमेची आखणी करावयाची झाल्यास तिचे संविधानक मॅलरीच्या कोणत्या भागावर उभे राहू शकते?

या क्रीडाप्रकाराशी परिचय नसलेल्या अभ्यासकासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या या भूमिका-क्रीडेत, म्हणजेच रोल-प्लेइंग गेममध्ये, प्रत्येक खेळाडू एका कल्पित व्यक्तीची भूमिका घेतो; ती व्यक्ती काय करते, काय बोलते, हे तो सांगतो. एक जण मात्र कोणतीही एक भूमिका न घेता प्रसंग मांडतो, इतर सर्व पात्रांच्या मुखाने बोलतो आणि नियमांचा निवाडा करतो. त्याला ‘सूत्रधार’ म्हणणे सर्वथा योग्य ठरेल. कृतीचे फळ संदिग्ध असेल तेथे फासे टाकले जातात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४ सालच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून हा प्रकार रूढ झाला. त्याचा उगम लढायांच्या सैन्यक्रीडेत असल्यामुळे अनेक बैठकींतून चालणाऱ्या सलग खेळाला ‘कॅम्पेन’, म्हणजे मोहीम, हा लष्करी शब्द चिकटून राहिला आहे.

आणखी एका शब्दाविषयी सावधगिरी बाळगावयास हवी. ‘शिव्हल्री’चे भाषांतर ‘क्षात्रधर्म’ असे करण्याचा मोह सहज होतो, परंतु तो टाळलेला बरा. क्षात्रधर्म जन्माने प्राप्त होतो. शिव्हल्री मूळच्या फ्रेंच शब्दाप्रमाणे घोडेस्वाराची, आणि पुढे घोडेस्वाराने स्वतःवर लादून घेतलेल्या नियमांची. स्वतःचे घोडे व हत्यार घेऊन चाकरीस येणारा आपल्याकडील शिलेदार शब्दार्थाने नाइटच्या अधिक जवळ आहे. पण शिलेदाराला दरबारात उभे राहून आपल्या वागणुकीचा पाढा शपथेवर वाचावा लागत नसे. नाइटचे नाइटपण नेमके तेथे आहे, आणि पुढील विवेचनाचा सारा भर याच गोष्टीवर आहे.

आर्थरकथा आणि क्रीडा यांची सांगड आधुनिकांनी घातली, असे समजणे चुकीचे होईल. १२२३ साली सायप्रस बेटावर बैरूतचा अधिपती जॉन ऑफ इबेलिन याच्या पुत्रांना नाइटपद देण्याचा समारंभ झाला, तेव्हा जमलेल्या सरदारांनी ब्रिटनमधील साहसांचे आणि गोलमेजाचे अनुकरण केल्याची नोंद नोवाराच्या फिलिपने केली आहे. १२७८ साली उत्तर फ्रान्समधील ल हेम येथील शस्त्रक्रीडेत तर ग्विनेव्हिअर राणीचे सोंग घेऊन एक स्त्री आसनावर विराजमान झाली होती आणि आर्त्वाचा काउंट रोबेर क्रेतियँ द त्र्वाच्या कथेतील ‘सिंहवाला नाइट’ बनून आला होता. खऱ्या नाइटांनी काव्यातील नाइटांची भूमिका घेतली; काव्यातील नाइट तरी खऱ्यांच्या आदर्शावरून रचलेले. या आरशांच्या खेळात मूळ कोणते आणि प्रतिबिंब कोणते, हे तेराव्या शतकातच सांगता येईनासे झाले होते. तेव्हा विसाव्या शतकातील चार विद्यार्थ्यांनी फासे घेऊन हाच उद्योग केला, तर तो विषयाला परका नाही.

‘पेंड्रॅगन’चा लौकिक प्रामुख्याने त्याच्या दीर्घत्वामुळे झाला. २००६ साली प्रसिद्ध झालेला ‘द ग्रेट पेंड्रॅगन कॅम्पेन’ हा चारशेहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ इ. स. ४८५ पासून ५६६ पर्यंतचा कल्पित इतिहास वर्षावार मांडतो : उथर राजाचा काळ, त्याच्या मृत्यूनंतरचे अराजक, बाल आर्थरचे राज्यारोहण, विजय, वैभव, ग्रेलचा शोध आणि अखेरचा विनाश. एका बैठकीत सामान्यतः एक वर्ष. वर्षाच्या शेवटी हिवाळा. हिवाळ्यात वय वाढते, मुले जन्मतात, जमिनीचा हिशेब होतो. खेळाडूचा पहिला नाइट वृद्ध होतो किंवा पडतो, त्याचा मुलगा पुढे येतो, पुढे नातू. भूमिका-क्रीडेच्या वाङ्मयात काळाचे इतके गंभीर भान दुसऱ्या कोणत्या ग्रंथात क्वचितच आढळेल. आजोबांनी मिळवलेली जमीन नातवाच्या डोळ्यांदेखत उद्ध्वस्त होते, तेव्हा होणारा परिणाम खरोखर महाकाव्याच्या जातीचा असतो.

पण या यशाचा एक दुष्परिणामही झाला. खेळ म्हणजे हीच दीर्घ मोहीम, असा समज दृढ झाला. आणि ज्यांच्यापाशी दीड-दोन वर्षांचा अवधी नाही, त्यांनी लघु मोहिमेची आखणी करताना दीर्घ मोहिमेचाच संक्षेप करावयास सुरुवात केली. पहिल्या बैठकीत खडगातून तलवार निघते, तिसऱ्या बैठकीत लान्सलॉट आणि राणी यांचे प्रेम उघड होते, पाचव्या बैठकीत कॅमलानची लढाई! अशा आखणीत खेळाडूंचे नाइट प्रेक्षक होऊन बसतात. मोठ्या लोकांच्या आयुष्यातील मोठे प्रसंग त्यांच्यासमोरून मिरवणुकीसारखे निघून जातात आणि त्यांच्या वाट्याला मशाली धरण्याचे काम येते. दुसऱ्या टोकाला असतो तो कादंबरीकार-सूत्रधार. तो स्वतःचे कथानक आधीच लिहून ठेवतो आणि खेळाडूंना त्या कथानकातून हाकत नेतो. पहिल्या प्रकारात स्वातंत्र्याला विषय उरत नाही. दुसऱ्यात विषय असतो, पण स्वातंत्र्य नसते.

येथे मॅलरीच्या अभ्यासकांचा एक जुना वाद उपयोगी पडतो. कॅक्स्टनने मॅलरीचा ग्रंथ एकवीस पुस्तकांत विभागून एकसंध चरित्र म्हणून छापला आणि चार शतकांहून अधिक काळ वाचकांनी तो तसाच वाचला. १९३४ साली विंचेस्टर येथे ग्रंथाचे हस्तलिखित सापडले. त्याच्या आधारे यूजीन व्हिनावेर यांनी १९४७ साली संपादित आवृत्ती काढली, तेव्हा तिचे नावही बहुवचनी ठेवले. कारण मॅलरीने एक ग्रंथ लिहिला नसून आठ स्वतंत्र कथा लिहिल्या, असे त्यांचे प्रतिपादन होते. या मताला जोरदार विरोध झाला आणि तो सर्वस्वी अनाठायी होता असे म्हणता येत नाही, कारण कथाकथांमधील धागे नाकारणे अवघड आहे. परंतु लघु मोहिमेच्या दृष्टीने व्हिनावेर यांचा आग्रह मोलाचा ठरतो. ‘द ग्रेट पेंड्रॅगन कॅम्पेन’ ही कॅक्स्टनच्या परंपरेतील कृती आहे. लघु मोहीम आखणाऱ्याने व्हिनावेर यांच्या परंपरेत उभे राहावे. संपूर्ण ग्रंथ लहान करण्यापेक्षा त्यातील एक पूर्ण कथा उचलावी. स्वतः स्टॅफर्ड यांनाही ही गरज जाणवली असावी. १९८९ साली त्यांनी हॅल फॉस्टरच्या चित्रकथेवर आधारलेला ‘प्रिन्स व्हॅलियंट’ हा खेळ रचला. त्यात फाशांऐवजी नाणी उडवली जातात आणि प्रसंगही आटोपशीर असतात.

कोणती कथा उचलावी, हा खरा प्रश्न. सर्वांच्या डोळ्यांसमोर प्रथम येते ते चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातील, कवीचे नाव अज्ञात असलेले, ‘सर गवेन अँड द ग्रीन नाइट’ हे काव्य. नववर्षाच्या मेजवानीत आव्हान, एक वर्ष आणि एक दिवसाची मुदत, हिवाळ्यातील प्रवास, यजमानाच्या गढीतील तीन दिवसांची देवाणघेवाण, शेवटी मानेवर निसटता वार. मुदतीमुळे या कथेला आपोआप आकृतिबंध लाभतो, आणि यजमानाशी प्रामाणिकपणा व त्याच्या पत्नीशी सौजन्य यांची अशी कोंडी तीत आहे की, नियमकर्त्याला याहून चांगली सामग्री मिळणे कठीण. तरीही चार खेळाडूंच्या टेबलावर ही कथा टिकत नाही, कारण ती एकट्याची कथा आहे. कुऱ्हाडीखाली एकाच माणसाने मान द्यावयाची असते. बाकीच्या तिघांना निरोप देण्यापलीकडे कार्य नाही. मॅलरीच्या गॅरेथची कथाही याच कारणाने बाद होते. एक वर्ष मुदपाकखान्यात राहिलेला तरुण, त्याला हिणवीत बरोबर चाललेली लिनेट, वाटेत एकामागून एक येणारे रंगीत चिलखतांचे नाइट : यात क्रम आहे, चढती भाजणी आहे, परंतु नायक एकच.

टेबलाला साजेशी कथा मॅलरीच्या ग्रंथात फार आधीच येते आणि बहुतेक वाचक ती ओलांडून पुढे जातात. कॅक्स्टनच्या आवृत्तीत ती तिसऱ्या पुस्तकात आहे. आर्थरच्या विवाहाची मेजवानी चालू असताना सभागृहात एक पांढरे हरीण धावत येते, त्याच्यामागे एक पांढरी शिकारी कुत्री आणि काळ्या कुत्र्यांच्या तीस जोड्या. गडबडीत एक नाइट उठतो आणि पांढऱ्या कुत्रीला उचलून चालता होतो. कुत्रीची मालकीण असलेली स्त्री राजापाशी तक्रार करते, तोच एक दुसरा नाइट घोड्यावरून आत येऊन त्या स्त्रीलाच बळाने घेऊन जातो. तिच्या आक्रोशाचा गोंगाट थांबला म्हणून राजाला प्रथम हायसे वाटते! मॅलरीच्या या तपशिलाकडे अभ्यासकांनी अवश्य लक्ष द्यावे. शिव्हल्रीची शपथ अद्याप अस्तित्वात नाही, हे तो एका क्षणात सांगून टाकतो. मर्लिन मात्र हे साहस अर्धवट सोडता येणार नाही असे बजावतो आणि तीन कामे वाटून देतो. गवेनने हरीण आणावयाचे, टॉरने कुत्री आणि तिला नेणारा नाइट, पेलिनोर राजाने ती स्त्री आणि तिला पळवणारा.

तिघेही कामगिरी पार पाडतात, आणि तिघांच्याही हातून काहीतरी भयंकर घडते. गवेनच्या कुत्र्यांनी एका गढीत हरणाला मारले. त्या गढीचा धनी संतापून दोन कुत्री मारतो. द्वंद्वात तो हरतो, दयेची याचना करतो, पण गवेन कुत्र्यांच्या रागाने वार उगारतो. धन्याची स्त्री आडवी पडते आणि तिचे शिर तुटते. ते शिर गळ्यात अडकवून आणि धड घोड्यावर पुढे घेऊन त्याला दरबारात परतावे लागते. टॉरची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. अबेलियस नावाच्या नाइटला त्याने जिंकलेले असते. शरण ये असे त्याने त्याला आधी सांगितलेही होते, पण तो तेव्हा नाकारतो. तेवढ्यात एक तरुणी येऊन टॉरपाशी एक दान मागते. काय मागणार हे न विचारताच तो शब्द देतो, आणि ती अबेलियसचे शिर मागते. याच माणसाने आपल्या भावाला आपल्या डोळ्यांसमोर मारले, त्याच्या प्राणांसाठी आपण चिखलात अर्धा तास गुडघे टेकून होतो, असे ती सांगते. आता अबेलियस दया मागतो. पण शब्द जाऊन बसलेला असतो. पेलिनोरला तर वाटेतच, एका झऱ्यापाशी, जखमी नाइटला मांडीवर घेऊन बसलेली एक स्त्री मदतीसाठी हाका मारते. हाती घेतलेल्या कामाच्या घाईत तो थांबत नाही. परतताना त्याला दिसते की, जखमी नाइट मेला, त्याच्याच तलवारीने तिने स्वतःचा अंत केला आणि श्वापदांनी शिराखेरीज काही शिल्लक ठेवले नाही. ती पेलिनोरचीच मुलगी होती, हे दरबारात मर्लिन सांगतो.

यानंतर आर्थर प्रसिद्ध शपथ घालून देतो : अत्याचार आणि खून करू नये, द्रोह टाळावा, दया मागणाऱ्याला दया द्यावी, स्त्रियांना साहाय्य करावे आणि त्यांच्यावर बळजबरी करू नये, अन्यायाच्या भांडणात शस्त्र धरू नये. ही शपथ दरवर्षी पेंटेकॉस्टच्या सणाला सर्वांनी घ्यावयाची. मॅलरीने ज्या फ्रेंच ग्रंथावरून हा भाग घेतला, त्यात ही शपथ नाही. ती त्याची स्वतःची भर आहे. ही भर का घातली, याचे उत्तर कथेच्या क्रमातच आहे. शपथेची मुख्य कलमे तीन प्रवासांतील अपराधांमधून जन्म घेतात. आदर्श आधी आणि स्खलन नंतर, ही आपली नेहमीची समजूत मॅलरी उलटी करतो. त्याच्याकडे स्खलन आधी घडते आणि त्याच्या लाजेतून आदर्श उभा राहतो.

लघु मोहिमेचे संविधानक येथे तयार मिळते. ‘शिव्हल्रीच्या काळात काही नाइटांची साहसे’ असा तिचा विषय असू नये. शपथ नव्हती, ती कशी आली, हा विषय असावा. त्याला दीर्घ काळाची गरज नाही. एक पेंटेकॉस्ट ते पुढचा पेंटेकॉस्ट एवढा अवधी पुरे. तीन समांतर कामगिऱ्या असल्याने तीन-चार नायकांना जागा आहे. आणि शेवट पूर्वनिश्चित असूनही मोकळा आहे : शेवटी शपथ होणार हे ठरलेले, तिची कलमे कोणती हे मात्र खेळाडूंच्या वागण्यावर अवलंबून. हा गुण अपूर्व आहे. नाट्यशास्त्रातील मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण या पाच संधी पाच बैठकींवर बसवण्याची कल्पना एखाद्या विद्यार्थ्याला सुचेल, आणि ती मांडणी कागदावर शोभूनही दिसेल. परंतु संधींच्या सिद्धांतात निर्वहण काय होणार हे कवीला ठाऊक असते. बीजातच ते असते. येथे सूत्रधाराला ते ठाऊक असता कामा नये.

आता स्टॅफर्ड यांच्या नियमांचा विचार करू. खेळातील प्रत्येक नाइटला स्वभावगुणांच्या तेरा जोड्या असतात : दयाळू-क्रूर, उदार-स्वार्थी, विनम्र-गर्विष्ठ, विश्वासू-संशयी, शूर-भित्रा इत्यादी. जोडीतील दोन आकड्यांची बेरीज वीस. एक वाढला की दुसरा घटतो. कसोटीच्या क्षणी वीस बाजूंचा फासा टाकावा. गुणाच्या आकड्याइतका किंवा कमी पडला तर नाइट त्या गुणाप्रमाणे वागतो. नाही पडला तर विरुद्ध गुणाचा फासा. दोन्ही फसले तर मात्र खेळाडूने स्वतः ठरवावे. दयाळूपणा १३ आणि क्रौर्य ७ असलेल्या नाइटचे उदाहरण घ्या. तो दया दाखवण्याची शक्यता शेकडा ६५. क्रूर वागण्याची, सुमारे शेकडा १२. आणि सुमारे २३ प्रसंगी निर्णय खेळाडूकडे येतो. गुणांखेरीज निष्ठा, आतिथ्य, कुटुंबप्रेम, सन्मान असे भावबंधही आकड्यांनी मोजलेले असतात. भावबंधाचा फासा अगदीच वाईट पडला तर नाइटला वेडही लागू शकते. क्रेतियँच्या इव्हेनने पत्नीला दिलेली एका वर्षाची मुदत विसरून वनात भ्रमिष्टासारखे हिंडावे, त्याच जातीचा हा नियम.

या व्यवस्थेवर नेहमीचा आक्षेप असा की, फासाच जर दया-क्रौर्य ठरवू लागला, तर खेळाडूला करावयाचे उरले काय? आक्षेप वरवरचा नाही, पण तो आधुनिक कादंबरीच्या मापाने मॅलरीला मोजतो. गवेनने वार उगारला तो विचारांती नव्हे. राग त्याच्यावर स्वार झाला. नंतर त्याला जे कळते, ते आपण काय केले एवढेच. मॅलरीच्या जगात माणूस आपल्या वृत्तीचा पूर्ण धनी नसतो, तरी तिच्या परिणामांचा पूर्ण उत्तरदायी असतो. स्टॅफर्ड यांचा फासा हे नेमके पकडतो. शिर तुटल्यावर ते गळ्यात घालून दरबारात कसे जावे, हे खेळाडूनेच ठरवावयाचे असते, आणि खेळातील खरा अभिनय तेथूनच सुरू होतो.

मात्र लघु मोहिमेत या नियमांची एक त्रुटी उघडी पडते, तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. गुणांमध्ये बदल हिवाळ्यात होतो आणि तो अतिशय मंद असतो. वर्षभरात एखाद्या गुणाची कसोटी लागलेली असेल, तर हिवाळ्यात फासा टाकावयाचा आणि सध्याच्या आकड्यापेक्षा अधिक पडला तरच तो गुण एकाने वाढतो. १३ चा १४ होण्याची शक्यता शेकडा ३५. पंचवीस वर्षांच्या मोहिमेत ही मंदगती वास्तव वाटते. एका वर्षाच्या मोहिमेत तिचा अर्थ असा होतो की, स्त्रीचे शिर तोडलेला नाइट आकड्यांच्या दृष्टीने पूर्वीइतकाच दयाळू किंवा क्रूर राहतो. कथेत ज्याचे आयुष्य बदलले, त्याच्या कागदावर काहीच बदलत नाही.

यावर उपाय नियमांमध्येच दडलेला आहे. विशिष्ट व्यक्ती किंवा परिस्थिती यांच्यापुरताच लागू होणारा जादा आकडा देण्याची सोय स्टॅफर्ड यांनी ठेवली आहे. दीर्घ मोहिमेत ती किरकोळ भासते. लघु मोहिमेत तिलाच केंद्रस्थानी आणावे. अपराधी नाइटला दरबाराने निवाडा सुनावला की, त्या निवाड्याचा आकडा त्याच्या कागदावर लगेच चढावा. मॅलरीत असेच घडते : राणी आणि दरबारातील स्त्रिया गवेनचा न्याय करतात आणि त्याने यापुढे स्त्रियांचा कैवार घ्यावा व दया मागणाऱ्याला दया द्यावी, असे त्याच्यावर बंधन घालतात. सर्वसाधारण दयाळूपणा जैसा होता तैसा. स्त्रियांच्या बाबतीत मात्र त्याला एक नवा, जड आकडा मिळाला. याउलट जमिनीचा हिशेब, पिकांचे उत्पन्न, वारसांचे जन्म या दीर्घ मोहिमेच्या शोभा येथे निःसंकोच वगळाव्यात. ज्या नाइटचा नातू कधीच टेबलावर येणार नाही, त्याच्या गोठ्यातील गुरे मोजण्यात एक संध्याकाळ घालवणे म्हणजे औचित्यभंगच.

आखणी करताना सूत्रधाराने काय सिद्ध ठेवावे? उत्तरे मुळीच नव्हेत, कोंड्या. प्रत्येक कामगिरीत एक क्षण असा हवा, की दोन चांगल्या गोष्टी परस्परांचा बळी मागतील. पेलिनोरपुढे हाती घेतलेले काम आणि वाटेतली हाक आहे. टॉरपुढे दिलेला शब्द आणि मागितलेली दया. गवेनची कोंडी तुलनेने ढोबळ आहे, राग आणि दया एवढीच, आणि म्हणून खेळातही ती सर्वांत कमी टिकते. मॅलरी वाचलेल्या खेळाडूंसाठी हरीण, कुत्री, झरा ही सामग्री बदलावी, हे सांगावयास नको. पण एक गोष्ट बदलू नये. पेलिनोरच्या जागी असलेला नाइट जर थांबला आणि त्या स्त्रीला वाचवले, तर सूत्रधाराने त्याला बक्षीस म्हणून पळवलेली स्त्रीही मिळवून देऊ नये. ती हातची जावी, तिची हाक दुसऱ्या कोणी ऐकलेली असावी, आणि दरबारात तिच्या वतीने कोणीतरी उभे राहावे. अनेक लघु मोहिमा येथेच फसतात. सूत्रधाराला खेळाडूंची दया येते, दोन्ही गोष्टी साधून देण्याची पळवाट तो काढतो, आणि शपथेला कारणच उरत नाही.

तीन कामगिऱ्या तीन वेगळ्या वाटांनी जात असल्यामुळे एक व्यावहारिक अडचण येते : एकाचा प्रवास चालू असताना बाकीच्यांनी काय करावे? ज्या बैठकीत एकाचा प्रवास असेल, तीत इतर खेळाडूंनी त्या प्रवासातील गौण पात्रे घ्यावीत : वाटाड्या बुटका, गढीचा धनी, दान मागणारी तरुणी, झऱ्यापाशी बसलेली स्त्री. यातून केवळ वेळ सत्कारणी लागतो असे नाही. शेवटच्या बैठकीत तेच खेळाडू दरबार म्हणून बसतील, तेव्हा ज्याने त्या तरुणीच्या मुखाने शिर मागितले होते, त्यालाच त्या शिराविषयी न्याय करावयाचा असेल. शपथेवर सांगितलेली हकिकत आणि घडलेली हकिकत यांतील अंतर त्याला आतून ठाऊक असेल. लांबवर चाललेल्या एखाद्या दीर्घ मोहिमेतही इतका घट्ट न्यायप्रसंग क्वचित साधतो.

शेवटच्या बैठकीत सूत्रधाराने शक्य तितके मौन धरावे. राजा म्हणून तो प्रत्येक नाइटला हकिकत सांगावयास लावील, खरे सांगण्याचे बंधन घालील, आणि कलमे मात्र खेळाडूंना लिहू देईल. कीर्तीचे गुण वाटण्याची घाई करू नये. लढाईतील विजयाला नियमांप्रमाणे कीर्ती मिळतेच. दरबारातील लज्जा तिच्यातून वजा करण्याची सोय नाही, आणि नसावी हेच ठीक. कीर्तिमान अपराधी ही मॅलरीच्या जगातील नेहमीची व्यक्ती आहे. गवेन पुढे ग्रंथाच्या अखेरच्या भागात भावांच्या मृत्यूचा सूड घेण्यासाठी लान्सलॉटवर किती निर्दय होतो, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या पहिल्या निवाड्याची धार अधिक जाणवेल.

एक प्रश्न मॅलरीने स्वतः सोडवलेला नाही. टॉरने दया मागणाऱ्याचे शिर उडवले, तरी दरबारात त्याची प्रशंसा होते आणि त्याला जमीन मिळते. पेलिनोरला राणीचा दोष आणि मर्लिनची अशुभ भविष्यवाणी. दया मागणाऱ्याला दया द्यावी हे कलम आले, पण काय मागणार हे न विचारता दान कबूल करू नये, असे कलम शपथेत कोठेच नाही. वस्तुतः याच ग्रंथात थोडे आधी, दुसऱ्या पुस्तकात, न विचारता कबूल केलेल्या दानापोटीच आर्थरपाशी बॅलिनचे शिर मागितले गेले होते, म्हणजे राजाला या अनर्थाची ओळख होती. आंधळ्या दानावर आणि दिलेल्या शब्दावर आर्थरकथेची निम्मी साहसे उभी असल्यामुळे मॅलरीला ते कलम घालता आले नसावे. ते घातले असते तर पुढच्या कथाच थांबल्या असत्या. पाच बैठकींत संपणाऱ्या मोहिमेला पुढच्या कथांची काळजी नाही. टॉरच्या जागी बसलेल्या खेळाडूला जमीन द्यावयाची की निवाडा, आणि ते राहिलेले कलम लिहावयाचे की नाही, हे त्या टेबलावर बसलेल्यांनी ठरवावे.